संस्थेचं मराठी दप्तर मुक्त सॉफ्टवेअरवर आणताना: आधी काय, शेवटी काय

वाचनालय असो, शाळा असो, पतसंस्था असो की गृहनिर्माण सोसायटी, संगणकावरचं दप्तर साधारण सारखंच असतं. सभेच्या नोटिसा, इतिवृत्तं, सभासदांची यादी, पावत्या, वार्षिक अहवाल. हे दप्तर मुक्त सॉफ्टवेअर आणि खुल्या मानकांवर (कुणालाही वापरता येतील अशा जाहीर, ठरलेल्या पद्धतींवर) यावं असं तुम्हाला वाटत असेल, पण हात कुठे घालायचा ते कळत नसेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

उत्साही कार्यकर्ते बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. रविवारी येऊन विंडोज काढतात, लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवतात. सोमवारी कारकुनाला मागच्या वर्षीची नोटीस उघडता येत नाही. मंगळवारी विंडोज परत येतं, आणि मग कित्येक वर्षं त्या कार्यालयात हा विषय काढायची सोय राहत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी मजकूर, मग फाइल, मग प्रोग्राम, ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी. पहिली तिन्ही कामं आहे त्या विंडोजवरच होतात, आणि कुठेही अडलं तर मागे येता येतं.

एक शब्द आधी स्पष्ट करून घ्या. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचा फायदा घ्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला, आणि पुढे त्यातूनच मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थ ठरला: प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालवणं, तो आतून पाहणं आणि बदलणं, त्याच्या प्रती वाटणं, बदललेल्या प्रतीही वाटणं, या चारही गोष्टींची मोकळीक. समितीपुढे 'फुकट मिळतं' असं सांगून सुरुवात केलीत, तर कुणीतरी पायरेटेड प्रतही फुकटच मिळते असं म्हणेल आणि चर्चा तिथेच संपेल. खरा मुद्दा असा आहे की संस्थेने स्वतः लिहिलेला कागद वीस वर्षांनी उघडताना कुठल्याही विक्रेत्याची परवानगी लागता कामा नये.

लागणारी साधनं

- सगळ्या जुन्या फायलींची प्रत मावेल अशी बाहेरची हार्ड डिस्क
- जुने फाँट बसवलेला एक संगणक आणि ते नसलेला एक
- लिबरऑफिस या मुक्त ऑफिस संचाची चालू आवृत्ती
- युनिकोड देवनागरी फाँट (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारं जागतिक मानक): नोटो, लोहित, मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका
- ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह (फक्त सातव्या पायरीसाठी)
- जुन्या महत्त्वाच्या कागदांच्या छापील प्रती, पडताळणीसाठी

१. आधी मोजणी करा

सगळ्या फायली डिस्कवर उतरवून घ्या आणि त्या प्रतीला हात लावू नका. मग एक साधा तक्ता करा: फाइलचं नाव, वर्ष, प्रकार, फाँट, आणि 'पुन्हा लागते का'. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे. दहा वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणाचं रूपांतर करायची गरज नसते, त्याची पीडीएफ पुरते. घटना, उपविधी, सभासद नोंदवही, इतिवृत्तं आणि दरवर्षी तारीख बदलून वापरले जाणारे नमुने एवढंच खरोखर रूपांतराला घ्या. ही चाळणी लावली की डोंगर वाटणारं काम आटोक्यात येतं.

२. जुना फाँट ओळखा

शिवाजी, किरण, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा ढीग असतो. या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता, त्यामुळे टंकणाऱ्याला दोष देऊ नका.

ओळखायची रीत सोपी आहे. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसला तर तो युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर जुना फाँट. ज्या संगणकावर जुने फाँट नाहीत त्यावर फाइल उघडली तर आणखी एक गोष्ट कळते: मिश्र कागदात जुन्या फाँटातला भाग अगम्य दिसतो आणि खरं इंग्रजी नीट दिसतं. तो खरा इंग्रजी भाग लगेच रंगवून ठेवा, पुढच्या पायरीत उपयोगी पडेल.

समितीतल्या लोकांना फरक पटवायचा असेल तर सभासद यादीतली वीस नावं घ्या. जुन्या फाँटात ती अकारविल्हे लावून दाखवा. क्रम भलताच येतो, कारण संगणक इंग्रजी अक्षरांचा क्रम लावत असतो. तीच नावं युनिकोडमध्ये लावा. मग 'पाटील' शोधून दाखवा. पाच मिनिटांचा हा प्रयोग भाषणापेक्षा जास्त काम करतो. त्यांच्या मोबाइलवरचे सगळे मराठी निरोप युनिकोडमध्येच असतात, हेही सांगा. संस्था त्यांच्या खिशातल्या फोनच्या मागे राहिली आहे एवढंच.

३. युनिकोडमध्ये रूपांतर

प्रत्येक जुन्या फाँटाची अक्षरांची जागा वेगळी, म्हणून त्या त्या फाँटाचाच परिवर्तक वापरा. एकाच घराण्याच्या दोन फाँटांतही मांडणी वेगळी असू शकते. आधी एका पानावर चाचणी घ्या. परिवर्तक संकेतस्थळावर असेल तर सभासदांचे पत्ते, खाते क्रमांक, कर्जाची प्रकरणं तिथे चिकटवू नका. तशा फायलींसाठी संगणकावर उतरवून चालणारा परिवर्तक घ्या.

चुका कुठे होतात ते कळायला थोडं आतलं समजून घ्यावं लागतं. जुने फाँट टाइपरायटरसारखे डोळ्यांना दिसतं तसं चालतात: पहिली वेलांटी आधी, व्यंजन नंतर, रफार अक्षर संपल्यावर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं: व्यंजन आधी, वेलांटी नंतर, रफाराचा र् अक्षराच्या आधी. परिवर्तकाला हे तुकडे उचलून योग्य जागी ठेवावे लागतात आणि जोडाक्षर लांब असलं की तो चुकतो. 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम' होतं, 'स्थिती'ची 'िस्थती' होते.

रूपांतर झाल्यावर लिबरऑफिसच्या शोध-खिडकीत हे चार शोध घ्या:

- रिकामी जागा आणि त्यामागे लगेच ि. शब्द वेलांटीने सुरू होत नाही, त्यामुळे सापडेल ती चूकच. पडद्यावर अशा ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळही दिसतं.
- र् आणि त्यामागे रिकामी जागा. रफार शब्दाच्या टोकाला लटकलेला असतो.
- 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द: दऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगराएवढं अंतर आहे, आणि परिवर्तक दोन्ही एकच करून टाकतात.
- आकडे. काही फाँटांत इंग्रजी आकड्यांच्या जागी देवनागरी आकडे असतात, काहींत आकड्यांच्या जागी अक्षरं. रकमा आणि तारखा छापील प्रतीशी एकेक ताडून पाहा.

रंगवून ठेवलेलं इंग्रजी परिवर्तकात जाऊ देऊ नका, नाहीतर ईमेल पत्ते आणि संक्षेप यांची देवनागरी भरड होते. जिथे फाइलच हरवली आहे आणि फक्त छापील कागद उरला आहे, तिथे तो ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसेरॅक्ट या मुक्त ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) प्रोग्रामला मराठी भाषा निवडून द्या. स्वच्छ छपाई असेल तर पुन्हा टंकण्यापेक्षा दुरुस्तीच कमी वेळात होते.

मूळ फायली रूपांतरानंतर पुसू नका. पडताळणीत राहून गेलेली चूक वर्षभराने सापडते.

४. कळफलक

विंडोजमध्ये सेटिंग्जच्या टाइम अँड लँग्वेज विभागात जाऊन मराठी भाषा जोडा. तिथे इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगने मराठी टंकायची मांडणी) असे दोन्ही कळफलक मिळतात; विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा बदलते.

रोज टंकणाऱ्याने इनस्क्रिप्टच शिकावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. भारतीय मानक ब्युरोने ते १९९१ मध्ये प्रमाण केलं, ते विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे आहे आणि त्यामागे तर्क आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. के कळीवर क, शिफ्टसह ख; आय वर ग, शिफ्टसह घ; डी वर हलन्त. 'क्त' हवा तर क, हलन्त, त. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. महिन्यातून एकदा दोन ओळी लिहिणाऱ्या अध्यक्षांना मात्र फोनेटिक देऊन टाका, त्यांच्याशी वाद घालू नका. रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेल्या जुन्या टंकलेखकांनाही तीच मांडणी ठेवून युनिकोडमध्ये टंकता येतं, तशी साधनं मिळतात. कळफलकाची मांडणी वेगळी आणि आत साठणारा संकेत वेगळा. हा फरक समजावला की अर्धा विरोध मावळतो.

एक बारीक पण त्रासदायक सापळा: 'ॲ'. मराठीचं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या सवयीने काहीजण अ वर चंद्र देतात, काहीजण हिंदीचा ऍ टंकतात. डोळ्यांना जवळपास सारखंच, पण संगणकाच्या लेखी तीन वेगळे शब्द. 'ॲडव्होकेट' शोधलं तर यादीतले निम्मे वकील सापडत नाहीत. संस्थेत एकच रूप ठरवा, ॲ, आणि जुन्या फायलींत शोध-बदल करून घ्या.

५. लिबरऑफिस, आहे त्या विंडोजवरच

जुना ऑफिस संच काढू नका. लिबरऑफिस शेजारी बसवा, दोन्ही सुखाने नांदतात. बसवल्यावर टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये या गोष्टी करा:

१. लँग्वेजेस अँड लोकेल्समध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून भाषा मराठी निवडा. ती हिंदी राहिली तर शुद्धलेखन तपासणी चुकते. शिवाय काही फाँट भाषा पाहून मराठी वळणाचा, पाकळीचा ल आणि देठाचा श देतात. तेही येत नाहीत.

२. रायटर या लिबरऑफिसमधल्या लेखनाच्या प्रोग्रामच्या मूळ फाँटांत देवनागरीचा फाँट आणि आकार वेगळा ठरवता येतो. इंग्रजीसाठी ठरवलेला फाँट मराठीला लागत नाही, आणि 'फाँट बदलला तरी बदलत नाही' ही तक्रार नेमकी इथूनच येते.

३. मराठी शब्दकोशाचं एक्स्टेंशन टूल्स मेनूतल्याच एक्स्टेंशन्समधून बसवा.

बाहेरून आलेली वर्ड फाइल विस्कटली तर बहुतेक वेळा दोष फाँटचा असतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या जागी कॅलेडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन हे मुक्त फाँट अक्षरांची रुंदी तीच राखून बनवलेले आहेत. ते असले की ओळी आणि पानं जागच्या जागी राहतात.

६. कुठली फाइल कशात ठेवायची

ओडीएफ म्हणजे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट. हे २००५ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं आणि २००६ मध्ये आयएसओचं मानक झालं, क्रमांक २६३००. लेखासाठी ओडीटी, तक्त्यासाठी ओडीएस. त्याचा खुलेपणा हाताने पाहता येतो: ओडीटी फाइलच्या प्रतीचं नाव बदलून शेवटी झिप लावा आणि उघडा. आत एक्सएमएल फाइल दिसते, आणि तिच्यात तुमचा मराठी मजकूर साध्या डोळ्यांनी वाचता येतो. उद्या लिबरऑफिस बंद पडलं तरी मजकूर हाती राहतो.

नियम तीनच ठेवा. संपादन होत राहणारं सगळं ओडीएफमध्ये. सही झालेलं, अंतिम सगळं पीडीएफ/ए या जतनासाठीच्या पीडीएफ प्रकारात, म्हणजे फाँट फाइलच्या आतच राहतात. बाहेरच्या कार्यालयाने वर्ड फाइलच मागितली तर एकदाच, पाठवण्यापुरती, डॉक्स प्रत काढून द्या, मूळ ओडीटीच ठेवा. एकच फाइल आज डॉक्समध्ये, उद्या ओडीटीमध्ये अशी फिरवत राहिलात तर दर फेरीत काहीतरी निसटतं. पीडीएफ काढताना 'हायब्रिड' हा पर्याय निवडला तर पीडीएफच्या पोटात ओडीटीही जाते. वाचणाऱ्याला पीडीएफ दिसते आणि तुम्हाला तीच लिबरऑफिसमध्ये दुरुस्त करता येते. शाखा-शाखांत फिरणाऱ्या परिपत्रकांसाठी हे फार सोयीचं आहे.

शेकडो जुन्या डॉक फायली एकेक उघडत बसू नका. फाइल मेनूत विझार्ड्सखाली डॉक्युमेंट कन्व्हर्टर आहे, तो अख्खा फोल्डर बदलून देतो. पण आधी तिसरी पायरी, मग हे. जुन्या फाँटातला मजकूर ओडीटीत नेला तरी खिचडी खिचडीच राहते.

तक्त्यांत दोन जागी अडकायला होतं. एक, मॅक्रो, म्हणजे तक्त्यात लिहिलेल्या छोट्या आज्ञावल्या: एक्सेलचे मॅक्रो असलेल्या फायली लिबरऑफिसमध्ये भरवशाने चालतातच असं नाही. त्या मोजणीच्या तक्त्यात वेगळ्या काढा आणि पर्याय सापडेपर्यंत एक्सेलमध्येच चालू द्या. दोन, सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल: उघडताना कॅल्क (लिबरऑफिसचा तक्त्यांचा प्रोग्राम) अक्षरसंच विचारतो तिथे यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडा, नाहीतर नावांची दुर्दशा होते. एक्सेलमधून काढतानाही सीएसव्हीचा यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलेला पर्यायच घ्या.

७. लिनक्स, तीन महिन्यांनी

कर्मचारी लिबरऑफिसमध्ये रुळले की ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं जवळपास जाणवत नाही, कारण रोजचा पडदा तोच असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. नवं यंत्र घ्यायचं की हेच चालवायचं, हा प्रश्न समितीपुढे आपोआप येतो. लिनक्सच्या मिंट या प्रकाराला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर काम सुसह्य होतं.

बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहा आणि कार्यालयातलं प्रत्येक जोडलेलं यंत्र तपासा. प्रिंटरने खरोखर पान काढलं का? कॅननच्या जुन्या एलबीपी प्रिंटरांसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं किचकट असतं. डिजिटल सहीचा टोकन, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, हिशेबाचा प्रोग्राम, यांपैकी काही अडत असेल तर तो एक संगणक विंडोजवर ठेवा, बाकीचे बदला. यात कमीपणा काही नाही.

दोन्ही सिस्टिम एकाच यंत्रावर ठेवायच्या असतील तर आधी बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू आहे का पाहा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर बूटचा क्रम बदलल्यावर विंडोज ती किल्ली मागतं आणि ती कुणाकडेच नसते. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू राहिलं तर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. मराठीसाठी कळफलकाच्या यादीत भारतीय विभागात इनस्क्रिप्ट असतंच, फोनेटिकसाठी आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस बसवा.

८. छापखाना

वार्षिक अहवाल युनिकोडमध्ये दिला की छापखान्याकडून हमखास निरोप येतो, 'आमच्याकडे चालत नाही.' तिथे बहुधा पेजमेकर हा पानं मांडायचा जुना प्रोग्राम असतो. त्याची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. इनडिझाइन असेल तर चालतं, फक्त परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावायला सांगा. तो नसला की जोडाक्षरं फुटतात. स्क्रायबस या मुक्त प्रोग्रामची १.६ किंवा पुढची आवृत्ती देवनागरी नीट मांडते, जुनी १.४ मांडत नाही. साधा मजकूर आणि थोडे फोटो असलेला अहवाल रायटरमध्येच मांडून छपाईसाठी पीडीएफ दिली तर प्रश्नच मिटतो.

९. ठराव करून घ्या

माणसं बदलतात. पुढचा सचिव पुन्हा जुना फाँट बसवू शकतो, म्हणून हे काम समितीच्या ठरावात आणा. शंका आली तर भारत सरकारचं ई-गव्हर्नन्ससाठीचं खुल्या मानकांचं धोरण २०१० चं आहे आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ चं, हे सांगा. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, हेही. ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल:

"संस्थेचे यापुढील सर्व मराठी लेखन युनिकोडमध्ये करावे. संपादनयोग्य प्रती ओडीएफ स्वरूपात व अंतिम प्रती पीडीएफ/ए स्वरूपात जतन कराव्यात. जुन्या फाँटमधील मूळ फायली रूपांतरानंतर किमान तीन वर्षे राखून ठेवाव्यात. संस्थेसाठी घेतल्या जाणाऱ्या कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरमधून संस्थेची संपूर्ण माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल याची खात्री खरेदीपूर्वी करावी. जबाबदारी सचिवांकडे राहील."

शेवटून दुसरं वाक्य चर्चेत गाळू देऊ नका. सभासद नोंदणीचा किंवा वाचनालयाचा प्रोग्राम विकायला कुणी आला की दरपत्रक मागण्याआधी त्याच्यासमोर दहा नोंदी भरा. नावं मुद्दाम निवडा: काळे, बऱ्हाटे, ॲड. क्षीरसागर, ज्ञानेश्वर, श्रोत्री. मग त्या सगळ्या नोंदी यूटीएफ-८ सीएसव्हीत काढून द्यायला सांगा, फाइल तुमच्या संगणकावर कॅल्कमध्ये उघडा, आणि ळ, ऱ्ह, ॲ जागेवर आहेत का ते पाहूनच किमतीचं बोला.